उंदरांनी खाल्ल्याशिवाय न जेवणारी धुरपताबाई

माही आई, धुरपताबाई, वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत रोजंदारीवर पांढरे उंदीर सांभाळते. पिंजरे धुणं, पाणी भरणं, दाणा टाकणं. घरात कमावणारी थेच एक. आमी मूळचे समुद्रपूरकडचे. तिथं ढोरांनी वैरणीले तोंड लावल्याशिवाय आई जेवत नसे. इथं ढोरं नाईत, तं थोच नेम उंदरांले लावला! दुपारी उंदीर खायले लागले का मंगच तिचा डबा उघडे.

औंदा, चौऱ्याऐंशीत, प्रयोगशाळेच्या मधुकरराव साहेबांनी नवा प्रयोग सुरू केला अन् आमचं घरच बसलं. दाण्याच्या आधी उंदरांले सुई. भुकेले उंदीर येतात, हुंगतात, दोन दाणे कुरतडतात अन् तोंड फिरवून बसतात. आईचा डबा तसाच वापस. रात्री बी नुसता चहा.

"आई, त्याईले काई झालं नाई व! जेवल्यावर आतड्यातून एक रस रक्तात जाते, थो डोक्याले सांगते का बस, पोट भरलं. थोच रस सुईत हाये. कमी खाल्लं तं वजन वाढाचं थांबते का, हे साहेब पाहून राह्यले." मी बी.एस्सी.ले हावो, मले वाटलं समजन तिले.

"पोटात दाणा नाई, अन् भरलं म्हणून सांगते? मंग थे उपाशीच हायेत नं शरू?"



काल आई पिंजऱ्यापाशीच चक्कर येऊन पडली. मी कॉलेजातून पयतच गेली. मधुकरराव साहेब वाईट माणूस नाईत, पण वैतागले होते.

"बाई, सुईचा असर थोडाच वेळ असतो. रात्री खातात ते. तुम्ही अशाच उपाशी राहिलात तर मला दुसरी बाई ठेवावी लागेल."

आई धडपडत उठून बसली. "दुसरी नोका ठेवू साहेब. मले बी थे सुई टोचा नं. माही भूक तं मरन."

साहेब हसले. मंग तिच्या तोंडाकडे पाह्यलं अन् डबा तिच्यापुढं सरकवला.

"जेवा. आत्ता, माझ्यासमोर."

मी डबा उघडला. आईनं पिंजऱ्यांकडे पाठ केली अन् भाकरीचा तुकडा तोंडात घातला. चावला. चावतच राह्यली. मागं उंदीर दाणा हुंगून परत फिरले, हे तिले न पाह्यता बी समजलं. घास खाली उतरेच ना.

"गिळ नं व आई, गिळ!" मी रडून राह्यली होती.

घास बाहेर पडला तं नोकरी जाईन म्हणून तिनं दोन्ही हातानं तोंड दाबून धरलं होतं.