काठी घेऊन कोथरूड ते वाघोली

नसीमचे यजमान रफीकभाई गेले, तेव्हा माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. स्कूटर घसरून नडगीचं हाड मोडलं होतं. नसीमनं आणि मी नोकरीची सगळी वर्षं एकाच शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर ती मुलाकडे वाघोलीला राहायला गेली. बातमी कळल्यावर फोन केला, पण दोघींनाही धड बोलता आलं नाही. त्यात तिची इद्दत सुरू होती, म्हणजे पतीच्या मागे काही महिने घराबाहेर पडायचं नाही. तिला येता येईना आणि मला जाता येईना. त्यामुळे वॉकर सुटून हातात काठी आली, त्याच आठवड्यात मी अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगून टाकलं की पहिला लांबचा प्रवास वाघोलीचा.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी काठी आली असेल, तर आधी हे वाचा. पहिल्या दिवशी मी काठी उजव्या हातात धरली. पाय उजवा मोडला, तर आधारही उजवीकडेच हवा, असा माझा हिशोब. फिजिओथेरपिस्टनं ती काढून डाव्या हातात दिली. दुखरा पाय आणि पलीकडच्या हातातली काठी एकदमच पुढे टाकायची, म्हणजे वजन दोघांत वाटलं जातं. मग चांगला पाय. रोजच्या चपला घालून सरळ उभं राहिलं, हात सैल सोडला, की काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. खालचं रबरी बूच झिजलं असेल तर बदलायचं.

सकाळी गर्दी ओसरल्यावर निघालो. बसच्या पायऱ्या अजून झेपत नाहीत, म्हणून आनंदनगरहून थेट रामवाडीपर्यंत मेट्रो. सरकत्या जिन्यावर काठी घेऊन जाऊ नका, लिफ्ट आहे. लिफ्टपाशी धडधाकट मंडळींची रांग होती. तिथल्या सुरक्षारक्षकानं माझ्याकडे पाहून रांगेला सांगितलं, की ज्यांचे दोन्ही पाय चालू आहेत त्यांनी जिना वापरून पाहावा, तो फुकट आहे. दोघं-तिघं निमूट बाजूला झाले.

रामवाडीला रिक्षा केली. भाडं मेट्रोच्या कितीतरी पट, आणि खराडी बायपासच्या पुढे नगर रस्त्यावर रिक्षा चालण्यापेक्षा उभीच जास्त. पाय लांब करायला जागा नाही. वाघोलीत पोहोचेपर्यंत घोटा सुजला होता.

सोसायटीत वीज गेलेली. लिफ्ट बंद. नसीम तिसऱ्या मजल्यावर. अविनाश म्हणाला, वीज येईपर्यंत खाली बसू. बसलोही. पण वर खिडकीत नसीम दिसली. ती हात हलवत नव्हती, नुसती बघत होती. मी उठले.

चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा पाय आणि काठी. उजव्या हातानं कठडा धरला. अविनाश एक पायरी खाली, माझ्या उजव्या अंगाला. प्रत्येक वळणावर मी थांबत होते. दुसऱ्या मजल्यावर पाय इतका थरथरला, की परत उतरावं असं वाटलं. पण उतरणंही तितकंच अवघड होतं. वरून नसीमचा आवाज आला, "सावकाश. मी कुठे जात नाहीये."

दारात तिनं मला धरलं. दोघी तशाच उभ्या राहिलो. अविनाश तिच्या मुलाबरोबर खाली बाकावर जाऊन बसला. मी हॉलमधून खुर्चीपर्यंत चालत गेले, तेव्हा तिनं विचारलं, "पाय उजवा मोडला ना? मग काठी डावीकडे का?"

मी समजावलं. तिनं माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "ह्यांचा डावा गुडघा दुखायचा. काठी डाव्याच हातात. शेवटपर्यंत. मीच आणून दिली होती, मीच तशी हातात दिली."

मीही तशीच धरली होती, एवढं सांगितलं. सगळेच तशी धरतात, असं फिजिओथेरपिस्ट म्हणाली होती, तेही सांगितलं. ती आत गेली आणि रफीकभाईंची शिसवी काठी घेऊन आली. तिचा स्वतःचा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरतोय, हे मला तेव्हा कळलं.

"शिकव," म्हणाली.

काठी तिला उंच होत होती, तरी डाव्या हातात धरून ती हॉलमध्ये चालली. पहिल्यांदा काठी आणि पाय वेगवेगळे पडले. मग जमलं. खिडकीपाशी वळताना तिनं रफीकभाई कसे चालायचे ते करून दाखवलं, खांदा वाकडा करून, आणि तिला हसू आलं. लगेच रडूही आलं. मी शेजारी उभी राहिले. नंतर चहा आणि नानकटाई झाली, जुन्या शाळेच्या गोष्टी झाल्या.

वीज आलीच नाही. उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी, मग चांगला पाय. कठडा आता डावीकडे आला, म्हणून काठी उजव्या हातात घेतली. जिन्यावर पहिला मान कठड्याचा. अविनाश या वेळी माझ्या पुढे.

घरी आल्यावर पाय उशीवर ठेवला, बर्फानं शेकला. दोन दिवस दुखला. वाघोलीला जाणार असाल, तर लिफ्टची चौकशी फोनवर करा, हे मी अनुभवानं सांगते.

अविनाशनं विचारलं, सांत्वनाचं काय बोललीस तिच्याशी? मी आठवून पाहिलं. तसं एकही वाक्य बोलले नव्हते.

"काठीबद्दलच बोललो," मी म्हटलं. "आणि रफीकभाईंबद्दल. सगळा वेळ."