न वाचलेलं पान

रविवारी दुपारी आम्ही तिघे होतो: निवृत्तीनंतर कादंबरीकार झालेले शेजारचे सुभेदार, मी, आणि लढाईत गेलेल्या त्यांच्या मित्राच्या पत्नी, सुमनवहिनी. छापण्याआधी सुभेदार त्यांना मित्राच्या मृत्यूचं प्रकरण वाचून दाखवत होते. मध्येच त्यांनी दोन पानं एकदम उलटली.

"भाऊजी, मधलं राहिलं."

"नको, वहिनी."

"त्रास झाला नाही, असं तुम्ही पत्रात कळवलंत. सगळ्याच घरी तसं कळवतात. वाचा."

गोळीबारात टिकलेला माणूस स्वतःच्याच ओळीपुढे अडला होता. वाचून दाखवताना आडोसा मिळत नसावा.

सुभेदारांनी वाचलं. मित्र पहाटेपर्यंत पाणी मागत होता.

"दिलंत?"

"पोटात गोळी होती, पाणी पाजणं धोक्याचं होतं. नुसते ओठ ओले करत राहिलो."

वहिनींनी डोळे पुसले. "हेच छापा. मला वाटायचं, जवळ कुणीच नव्हतं."