बटन तीसवर आहे

"पीएचडी काहून सोडली बे?" असं टपरीवर कोणी विचारलं की मी एक किस्सा सांगतो. तो संपायच्या आत दुसरा आठवतो. चहा थंड होतो, पण किस्से काही संपत नाहीत!

आमची लॅब अमरावतीत. काम यीस्टवर. पेशीला ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया. त्यांच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाची चरबी असते. ती न बनवणारं यीस्ट मी वाढवत होतो. तीस अंशांवर ते जगतं. सदतीसच्या पुढं पडदा ढेपाळतो, मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, खेळ खलास. हे गाइडला समजावलं. सर पोटावरून हात फिरवत म्हणाले, "चरबी नसली तं चांगलंच आहे न! डॉक्टर मले तेच सांगून राहिला."

*

मे महिना. खोलीत बेचाळीस. यीस्ट ठेवायची आमची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, फक्त तापवायची, थंड करणं तिला जमायचं नाही. यीस्टच्या सगळ्या प्लेटी मेल्या. सरांना आतला थर्मामीटर दाखवला. त्यांनी पाहिलाच नाही.

"बटन तीसवर आहे न? मंग आत तीसच असन!"

*

थंड करणारा इन्क्युबेटर होता की! आठ महिने कोपऱ्यात, लाल फीत बांधून. मोठे पाहुणे मिळाले की उद्घाटन!

लॅब अटेंडंट गजूभाऊ म्हणाले, "पाहुणे येईस्तोवर यीस्टले हातपंख्यानं वारा घाला."

*

प्लेटी पुन्हा मेल्या. सर सगळ्यांसमोर ओरडले, "बुरशी तं आमच्या घरी भाकरीवर आपोआप येते! तुले वर्षभरात जगवता नाही आली? आता मेली तं रजिस्ट्रेशन रद्द!"

सर असोत-नसोत, त्यांच्या केबिनचा एसी दिवसरात्र चालू. मी आणि गजूभाऊंनी नव्या प्लेटी गुपचूप तिथल्या सोफ्याखाली सरकवल्या. पाचव्या दिवशी पांढरे ठिपके दिसले. जगलं! मी प्लेटी टेबलावर नेऊन ठेवल्या. कुठून आणल्या, हे सरांनी विचारलं नाही.

"पाह्य! रागावलो म्हणून वाढले."

*

मग अकोल्याचा सेमिनार. स्टेजवर सर, पडद्यावर माझ्या प्लेटी. पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर मॅडमनी विचारलं, "मे महिन्यात या थंड कुठं ठेवल्या?"

"आमच्याकडे नवा कूलिंग इन्क्युबेटर आहे," सर म्हणाले आणि माझ्याकडे माइक दिला. "सांग मॅडमले, कोणतं मॉडेल ते."

सामान घेऊन सोबत आलेले गजूभाऊ मागच्या दारातून मान हलवून नको-नको करत होते. मी माइक घेतला.

"तीन सीटचा सोफा, मॅडम. सरांच्या केबिनमधला. इन्क्युबेटरची फीत अजून कापायची आहे."