सुपडू नानांची कळलावी

सुपडू नानांना जगातल्या बहुतेक गोष्टींची भीती वाटते. गॅस पेटवताना ते मान मागे घेतात, बँकेत सही करताना घाम पुसतात, आणि जळगावात कुठे लिफ्ट दिसली की "गुडघ्याले चालणं चांगलं" म्हणत जिना धरतात. एकाच वस्तूची त्यांना भीती वाटत नव्हती, आणि नेमकी तीच भिण्यासारखी होती. ती म्हणजे त्यांनी परसात वाढवलेला कळलावीचा वेल.

मी त्यांची शेजारीण, रत्ना. असोद्याच्या शाळेत शिकवते. आमच्या दोन घरांत भिंत एकच असल्यामुळे नानांचं खोकणंसुद्धा मला पाठ आहे. त्यांच्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं त्यांना सुपात घालून उंबऱ्यावरून ओढलं आणि नाव सुपडू ठेवलं. लेकरू टाकाऊ आहे असं मृत्यूला वाटावं, एवढाच त्यामागचा हेतू. नाना जगले, पण आईची ती धास्ती त्यांच्या अंगात उतरली ती कायमची.

सहा वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याला देवदर्शनाला गेले असताना त्यांना बोरीच्या झुडपावर चढलेली कळलावी दिसली. फुलाच्या पाकळ्या खालून पिवळ्या, वर लालभडक आणि सगळ्या मागे वळलेल्या. हा माणूस देव विसरला आणि काडीनं माती उकरत बसला. तिथल्या म्हाताऱ्या गुराख्यानं त्यांना बजावलं होतं, "कंद तोंडात गेला तं बैलही मरतो." नानांनी कंद रुमालात बांधला, तो रुमाल घरी आल्यावर जाळला, पण कंद मात्र लावला.

त्या वेलाची त्यांनी केलेली सेवा मी रोज भिंतीवरून पाहायचे. मृग लागला की रोज सकाळी उकिडवे बसून कोंब वर आला का ते बघायचे. कोंबाचं टोक मोडलं तर त्या वर्षी तो कंद पुन्हा फुटत नाही, म्हणून कोंबड्या येऊ नयेत याकरता भोवती पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचं कुंपण. या वेलाला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच वळतं आणि आधाराला धरतं. त्याला धरता यावं म्हणून नानांनी बारीक काड्या बांधल्या होत्या, जाड काडीला पान पकडू शकत नाही म्हणे. पाणी साचू नये म्हणून खाली वाळू घातली. हात लावायचा तर दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. श्रावणात कुंपणभर फुलं यायची, तेव्हा नाना इतके ताठ चालायचे की गल्लीतले लोक विचारायचे, "नाना, केळीले भाव आला का?"

मागच्या दिवाळीत त्यांची सून भूमिका हिला दिवस गेल्याचं कळलं. पुष्पाबाई, म्हणजे नानांची बायको, त्याच दिवशी परसात येऊन उभ्या राहिल्या. जुन्या सुईणी अडलेल्या बाईच्या तळपायाला कळलावीचा कंद वाटून लावायच्या, कळा लवकर याव्यात म्हणून. त्यामुळे पोटुशी बाई असलेल्या घरात हा वेल नको, ही इकडची पक्की समजूत. पुष्पाबाईंचा आवाज तसाही दोन घरं ओलांडून जातो.

"बठ्ठं, सगळंच्या सगळं उपटा आन् फेका. माह्या सुनेच्या घरात हे नही पाहिजे."

"व्हय," नाना म्हणाले. बायकोला त्यांनी कधी दुसरं उत्तर दिलं नाही.

वेल वाळतच आला होता. नानांनी नऊ कंद काढले. सगळे दोन फाट्यांचे, नांगराच्या आकाराचे. फेकायला नेले आणि परत आणले. जुन्या तगारीत वाळू घालून त्यात पुरले आणि तगारी जिन्याखाली सरकवली. संक्रांतीच्या सफाईत ती पुष्पाबाईंच्या हाती लागली. त्यांनी विचारलं, हे काय? नाना म्हणाले, "रताळी शे. बेणं शे. नशिराबादच्या पाहुण्यांनी देलं." विषय संपला. हे सगळं मला नंतर कळलं, आणि अजून आठवलं की राग येतो. विषारी मुळाला खाण्याच्या वस्तूचं नाव देताना या घाबरट माणसाला तेवढी भीती वाटू नये?

महाशिवरात्रीला नाना पहाटेच मळ्यात गेले, केळीची कापणी होती. घरी पुष्पाबाईंनी बाजारातली रताळी धुवायला घेतली तर ती कमी भरली. आमच्या गल्लीची रीत अशी की उकडलेली रताळी आधी महादेवाला, मग शेजारच्या घरी, आणि मग स्वतःच्या ताटात. कमी करून चालत नाही. त्यांना जिन्याखालचं बेणं आठवलं. लावणीचं नंतर बघू म्हणत त्यांनी नऊच्या नऊ बाहेर काढले, कुकरमध्ये मावेनात म्हणून फाट्यावर मोडले आणि बाजारच्या रताळ्यांबरोबर शिजवले. मोडल्यावर ओळखायला काही राहिलं नाही.

साडेअकराच्या सुमाराला नाना माझ्या दारात आले. पायात चप्पल एकच.

"रत्ना, माय, ते ताट दे. त्याच्यात पाल पडली व्हती."

मी झाकलेलं ताट आणायला वळले, तर माझी नऊ वर्षांची डिंपल ओट्याशी उभी राहून रताळं खात होती. नैवेद्याआधी खाऊ नको म्हणून हजारदा सांगितलेलं, पण ऐकेल ती डिंपल कसली. अर्धं हातात, अर्धं पोटात. नानांनी ते पाहिलं आणि ते भिंतीला धरून खाली बसले. पालीला कुणी इतकं भीत नाही. मी त्यांचा दंड धरला आणि ओरडले, "नाना, खरं सांगा!"

त्यांनी सांगितलं. मी डिंपलच्या हातातला तुकडा हिसकावला. नाना तो उजेडात धरून उलटसुलट करत राहिले. शेवटी मीच पाहिलं. साल लाल, आत पिवळसर, गोड वास. ताटात आणखी तीन तुकडे होते त्यांची साल मातकट आणि आतून पांढरेफटक. डिंपलनं एवढं एकच उचललं होतं, आणि ते रताळंच होतं. मी तिला छातीशी धरलं आणि मग तिला एक धपाटा घातला, का ते विचारू नका.

"घरी सांगितलं का?" मी विचारलं.

नानांनी मान हलवली. नाही. मळ्यातून आल्यावर त्यांना अंगणात वाळूची रिकामी तगारी दिसली होती. पुष्पाबाई देवळात होत्या, भूमिका आत पडली होती. मोठं पातेलं झाकलेलं होतं. घरचा पुरुष बसल्याशिवाय त्यांच्याकडे ताटं वाढत नाहीत, म्हणजे घरात कुणी खाणार नाही असा हिशेब करून हे गुपचूप आधी बाहेरची ताटं गोळा करायला निघाले होते. समोरच्या रुपचंदकडून चार तुकडे आणले होते, पुष्पाबाई देवळातून निघाल्याचं पाहून तिथले तीन, दोन्हीकडे पालीचं सांगून. बायकोला कळू न देता सगळं निस्तरायचं होतं त्यांना. वीस मिनिटं त्यात गेली होती.

मी त्यांना ओढतच त्यांच्या घरात नेलं. पुष्पाबाई देवळातून येऊन चुलीपाशी बसल्या होत्या. मीच सगळं बोलले. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि त्या पहिल्यांदा सुनेकडे वळल्या. "भूमिका, तू खाल्लं?"

"नाही आई. तुम्ही म्हणालात ना, मामांना येऊ द्या." ती नानांना मामा म्हणते.

पातेलं मी परातीत उपडं केलं. नऊ कंद, दोन फाटे, अठरा तुकडे. पातेल्यातले सात, माझ्याकडचे तीन, रुपचंदचे चार, देवळातले तीन. सतरा. पुन्हा वेचले, पुन्हा सतरा. लाल सालीची सगळी बाजूला काढली, चुलीमागे पाहिलं, कुकरच्या तळाशी हात घातला. नाना गुडघ्यांवर रांगत जमिनीवर शोधत होते. नानांच्या मागोमाग मळ्यातून आलेला त्यांचा मुलगा कुंदन, रुपचंदनं एखादा तुकडा शेळीला टाकला असेल म्हणून, त्याच्या गोठ्याकडे पळाला. भूमिका दोन्ही हात पोटावर ठेवून दारात उभी होती, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. खोटं तर बोलत नाही ना, असं माझ्या मनात येऊन गेलं. ती शंका आली याची मला आजही लाज वाटते.

मग पुष्पाबाई म्हणाल्या, "नका शोधू. ते मी खाल्लं."

मी कुकर खाली ठेवला.

"देवळातून आली, चक्कर येत व्हती. म्हटलं एक तुकडा खाऊ. कडू लागलं. किडकं असंन म्हटलं."

"मग थुंकलं का नाही?" मी ओरडलेच. त्यांनी एकदा नानांकडे पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

कुंदननं गाडी काढली. सतरामधला एक तुकडा मी पिशवीत घेतला. जळगावच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत पुष्पाबाई अगदी धड होत्या, उलट भूमिकेला दूध दिलं का म्हणून विचारत होत्या. मला वाटलं, वाचलो. डॉक्टरांनी तुकडा पाहिला, फोनवर कुणाशी तरी बोलले आणि म्हणाले, "आता बरं दिसतंय त्यावर जाऊ नका. हे विष सावकाश चढतं."

चार वाजता उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, तिसऱ्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी पडत गेल्या. डॉक्टर रोज एक आकडा सांगायचे आणि तो आदल्या दिवसापेक्षा लहान असायचा. नाना बाहेरच्या बाकावर बसून होते. आत गेले नाहीत. मी चिडून म्हटलं, आत जा, पुष्पाबाई विचारताहेत. तर म्हणाले, "तिनं माह्याकडे पाहिलं तं मी मरून जाईन." मला त्यांची दया आली असं मी म्हणणार नाही. मला ते बाकासकट उचलून आत टाकावेसे वाटले.

आठव्या दिवशी आकडा थोडा वाढला. नवव्या दिवशी आणखी. अकराव्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा पुष्पाबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि केस विंचरू पाहत होत्या. फणीत पुंजकेच्या पुंजके येत होते. विषाचा परिणाम, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी फणी खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "त्याहिले बोलाव."

मी नानांना दंडाला धरून आणलं. उशीवरचे केस पाहून ते तिथेच थबकले.

"रताळी नव्हती ती," ते म्हणाले. अकरा दिवस सगळ्या असोद्याला माहीत असलेली गोष्ट त्यांनी बायकोला तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं सांगितली. "तू रागावशीन म्हणून खोटं बोललो."

"मी रागावली असती," पुष्पाबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकावं लागलं. "दोन दिवस बोलली नसती. मंग काय?"

नाना खाटेच्या कडेला टेकले.

"रत्नानं विचारलं, थुंकलं काहून नही. तवा सगळ्यांसमोर काय सांगू? तुम्ही ते बेणं रोज जिन्याखाली जाऊन पाहत व्हते. मी पाहिलं व्हतं. ते कडू निघालं म्हणली असती तं तुमचं तोंड उतरलं असतं. म्हणून तो तुकडा बठ्ठा खाल्ला."