आत्याचं पदक

मंडळींनो, हा कागद मी आपणहून आपल्या मराठी मंडळाच्या फळ्यावर लावतोय. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

आपल्या कुंभकोणम शहराच्या वर्धापनदिनाचं पदक आज सकाळी माझ्या आत्याला मिळालं. ती सुईण; गल्लीतले निम्मे लोक तिच्याच हातांवर जन्मले. आई गेल्यावर मलाही तिनंच वाढवलं.

समारंभात माझ्या शेजारी पुण्याचे एक पाहुणे बसले होते. "तुमचं मराठी अगदी आमच्यासारखं आहे हो," असं ते नुकतंच म्हणाले होते आणि मी फुगलो होतो.

आत्या मंचावरून उतरली ती थेट माझ्याकडेच आली. पदक माझ्या हातात ठेवून आपल्या इथल्या जुन्या घरगुती मराठीत म्हणाली, "हें तुझे लेकीस दे रे. मज म्हातारीस कशास पाहिजे?"

पाहुण्यांना हसू आवरेना. "ही कुठली भाषा? तुमच्या घरच्या का या?"

"छे, शेजारच्या आहेत," मी म्हणालो.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे वळून ती तमिळमध्ये शांतपणे म्हणाली, "आमा, पक्कत्तु वीडु." हो, शेजारचंच घर.

मी खोटा ठरू नये म्हणून ती तसं बोलली. पण निघताना ती माझ्याशीही तमिळमध्येच बोलली, परक्याशी बोलावं तशी. आजवर असं कधी झालं नव्हतं.

पदक अजून माझ्या खिशात आहे. आता तिच्या दारात जायचंय. तुम्ही असतात तर पहिला शब्द कोणता बोलला असतात?