भाड्याच्या घरात खिळा नाही

माझ्या धाकट्या दिरांइतका भाड्याला भिणारा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. घरच्या कार्यात मंडपवाल्याच्या खुर्च्या आल्या की भाऊजी भिंतीशी उभे राहतात. खुर्ची मोडली तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न. कोर्टाजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. जन्मभर लोकांचे भाडेकरार टाइप केले, त्यातल्या अटी अंगात मुरल्या, असं मला वाटतं. टायपिंगचा प्रोग्रामही त्यांनी फार पूर्वी खोक्यातल्या सीडीवर एकदाच विकत घेतला होता. "पैसे देल्ले, माह्यं झालं," हे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.

पण वकिलांनी पाठवलेले कागद त्या जुन्या प्रोग्राममध्ये वाकडेतिकडे उघडायला लागले. वकील शेजारच्या दुकानात जाऊ लागले. पुण्याहून भाऊजींची मुलगी आली आणि म्हणाली, "बाबा, एकतर दुकान बंद करा, नाहीतर महिन्याचे पैसे भरून नवा प्रोग्राम घ्या. विकतचाही मिळतो, पण तो पुन्हा असाच जुना होईल."

"महिन्याचे काहून? मी काय किरायेदार हाओ?" भाऊजी रुसून बसले. दोन दिवस जेवले नाहीत नीट. शेवटी मीच बोलले. "वीज कधी एकदाच विकत आणून ठेवली होती का? तीही महिन्याचीच आहे."

"वीज मले रोज पैशाची आठवण नाही देत, वहिनी," ते म्हणाले. पण दुकान जायची भीती मोठी होती. घेतला.

आणि मग अगदी किरायेदारासारखे वागले. अक्षर मोठं करायचे नाहीत, रंग बदलायचे नाहीत. डोळे बारीक करून टाइप करत. मुलीने विचारलं तर म्हणाले, "भाड्याच्या घरात खिळा ठोकतेत काय वं?" कहर म्हणजे महिना संपला की सगळे कागद पेनड्राइव्हवर उतरवून कॉम्प्युटर पुसून रिकामा करत आणि एक तारखेला पुन्हा सामान आत नेत. जागा मिळाली तशी परत करायची, ही अट. पोरगी हसून हसून लोळली. मी हसले नाही. मला आधी ते बरोबरच वाटलं होतं.

माझी जाऊ वारल्यापासून भाऊजी संध्याकाळचा चहा खाली माझ्याकडे घेतात. परवा चहा पिता पिता म्हणाले, "वर्षाचे पैसे एकदम भरले तर स्वस्त पडते म्हणतेत कंपनीवाले."

"मग भरा."

"वर्षभर बसणं होईल का मले? हात थरथरून राहिले आता. पोरगी म्हणते पुण्याला चला."

समजूत घालणं मला जमत नाही. मी म्हटलं, "मी तुमच्याहून मोठी आहे. गहू अजून वर्षाचाच भरते."

त्यांनी कप विसळून ठेवला, आणि जिना चढता चढता मुलीला फोन लावला. "वर्षाचं कर वं," एवढंच ऐकू आलं.

खरं म्हणजे यंदा गहू निम्माच भरायचा, असं मी ठरवलं होतं. मग नेहमीएवढाच भरला.