तक्ता धरणारा हात

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात इनामदार सर बायोकेमिस्ट्री शिकवत. वर्गाच्या भिंतीला चांगला मजबूत खिळा होता, तरी यकृताचा तक्ता ते कधी टांगू देत नसत. शिपाई शिवप्पाने तो तासभर दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. सरांना त्यात आपला मान वाटे. माझ्या मात्र हा माणूस पहिल्याच दिवशी डोक्यात गेला.

"यकृताच्या पेशीवर एक प्रथिन असतं," सर छडी आपटत सांगत. "ते म्हणजे हमाल. रक्तातून चरबीचं पोतं आलं की पकडायचं, आत ओढायचं. हमाल कमी पडले की पोती रस्त्यावर!" दरवर्षी हाच विनोद, आणि वर्ग हसेपर्यंत सर पुढे सरकत नसत. कुणी शंका काढली की उत्तर ठरलेलं, "परीक्षेत येतं का? नाही ना? बसा."

पुस्तकात लिहिलं होतं, हे प्रथिन जन्मतःच कमी असलं तर रक्तात चरबी साचते, बोटांवर गाठी येतात आणि हृदय अकाली दगा देतं. वेळीच औषध मिळालं तर माणूस वाचतो. मी मान वर केली, तर तक्त्याच्या कडेला शिवप्पाची बोटं आणि त्यांवर टणक गाठी.

तास संपल्यावर त्याला विचारलं. "काय न्हाय हो ताई, आमच्या अप्पालाबी होत्या की," तो हसला. "चाळिशीतच गेला त्यो."

दुसऱ्या दिवशी मी वर्गातच सरांना सांगितलं. सर म्हणाले, "शिपायाची बोटं सिलॅबसमध्ये नाहीत." सगळे हसले. मीही हसले आणि खाली बसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

वर्षभरात शिवप्पा मैंदर्गीच्या स्टँडवर छाती धरून कोसळला, तो गेलाच. शोकसभेत सर म्हणाले, "भजी फार खायचा हो." भाकरी आणि शेंगाचटणीचा त्याचा डबा आम्ही रोज पाहत होतो. पढतमूर्ख हा शब्द तेव्हापासून मी एकाच माणसासाठी राखून ठेवला आहे.

गेल्या महिन्यात सरांच्या निवृत्तीचा सत्कार झाला. मी आता रक्त तपासायची लॅब चालवते, म्हणून मलाही बोलावणं होतं. सरांनी शाल पांघरूनच आमच्या त्याच जुन्या वर्गात शेवटचा तास घेतला. हमाल आले, पोती आली, हशाही आला. तक्ता धरून उभी होती शिवप्पाची मुलगी लक्ष्मी, बापाच्या जागी लागलेली. तिच्या बोटांवर बारीक गाठी दिसू लागल्या होत्या.

मी उठले, तिच्या हातातला तक्ता काढून घेतला आणि खिळ्याला अडकवला.

"अहो, तास चालू आहे!" सर ओरडले.

"चालू द्या," म्हटलं, आणि लक्ष्मीला रक्त तपासायला घेऊन गेले.